सील म्हणजे कुलूप नव्हे

लातूरहून बोलतोय. मागच्या भागानंतर नांदेडच्या एका श्रोत्यांनी विचारलं, "तारापूरचं वापरलेलं इंधन तिथंच साठवतात म्हणता, मग त्यातलं कुणी काही काढलं तर कळणार कसं?" प्रश्न रास्त आहे. त्या इंधनात प्लुटोनियम असतं, आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था ८ किलो प्लुटोनियम हे एका बॉम्बच्या हिशेबानं धरते.

तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ साली अमेरिकेच्या मदतीनं सुरू झाल्या. त्यांच्या इंधनाचा हिशेब या संस्थेचे निरीक्षक तपासतील, असा त्रिपक्षीय करार १९७१ मध्ये झाला. शेजारच्या ३ आणि ४ नंबरच्या भट्ट्या मात्र या तपासणीत नाहीत. एकाच आवारात दोन खाती! म्हणून इकडचं तिकडं झालं नाही, हे दाखवता यायला हवं.

आता सील. आपल्या लाइटच्या मीटरला तार ओवून सील मारतात ना? पकडीनं सहज तुटतं. अडवणं हे त्याचं कामच नाही. उघडलेलं लपू नये, एवढंच. संस्थेचं जुनं सीलही तसंच, तार ओवलेली धातूची छोटी डबी. आतून ओरखडे असतात, त्यांचा फोटो आधीच काढून ठेवलेला. निरीक्षक तार कापून सील व्हिएन्नाला नेतात आणि ओरखडे जुळवून बघतात. छेडछाड झाली असेल तर कळतं. पण कधी झाली? ते नाही कळत.

इलेक्ट्रॉनिक सील हेच सांगतं. त्यात तारेऐवजी ऑप्टिकल फायबरचा वेढा असतो आणि त्यातून प्रकाशाचे ठोके जात राहतात. ठोका दुसऱ्या टोकाला पोचला नाही की तारीख-वेळ नोंदली जाते. परत जोडलं की तीही. उघडलं म्हणजे चोरीच झाली असं नाही हं, कामासाठीही उघडावं लागतं. निरीक्षक जागेवरच यादी वाचतात आणि प्रकल्पाच्या रजिस्टरशी ताडून बघतात. रजिस्टरात नसलेली वेळ सापडली, की चौकशी सुरू.

पण डब्याला मागून भोक पाडलं तर सील गप्पच बसणार. म्हणून डबाही तपासतात, जोडीला कॅमेरे असतात. आणि यादी कुणी वाचेपर्यंत ती नुसतीच पडून राहते, त्यामुळे काही देशांत या नोंदी दुरूनच व्हिएन्नाला पाठवायची सोय केलेली आहे.