पाणंदीतली सायकल आणि तुंब्यातला गियर

कन्नड तालुक्यातल्या देवगाव रंगारीच्या शिवारात सायकलवाल्याला एकाच फेरीत तीन तऱ्हेच्या वाटा भेटतात. आधी डांबरी सडक, मग खडीचा रस्ता आणि शेवटी शेताकडची पाणंद. सडकेवर हलकं वाटणारं पायडल पाणंदीतल्या ढेकळांत आणि चाकोऱ्यांत जड होतं. मग शाळेला निघालेली मुलगी काय किंवा वैरणीचा भारा आणणारा शेतकरी काय, खाली उतरून सायकल ढकलू लागतात. वाहन असून पायपीट चुकत नाही. यावर उपाय म्हणजे गियर. पण कोणता, हे पाहून घ्यावं लागतं.

गियर दोन जातींचे. एकात चेन एका दातेरी चक्रीवरून दुसरीवर सरकते. हा गियर वजनाला हलका असतो. परंतु त्याची नाजूक यंत्रणा मागच्या चाकाजवळ उघडी लोंबते. तिथे धूळ, चिखल आणि पऱ्हाट्या अडकतात. दुसऱ्या जातीत सारी यंत्रणा चाकाच्या तुंब्यात, म्हणजे हबमध्ये, बंद असते. इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चर कंपनीने १९३६ मध्ये काढलेला तीन वेगांचा हब हे याचं प्रसिद्ध उदाहरण.

त्याची रचना सूर्यमालेसारखी आहे. आसावर पक्कं बसवलेलं २० दात्यांचं चाक हा सूर्य. त्याच्याभोवती फिरणारी लहान चाकं हे ग्रह. ती एका सांगाड्यात बसवलेली असतात. या सर्वांबाहेर आतून ६० दाते असलेलं कडं. चेनने कडं फिरवलं आणि ग्रहांच्या सांगाड्याने तुंबा फिरवला, तर कड्याच्या चार फेऱ्यांत चाकाच्या तीनच होतात. वेग घटतो, पण जोर वाढतो. उलट जोडणी केली की तीन फेऱ्यांत चार मिळतात. मधल्या गियरला जशास तसं.

आता हिशेब पाहू. पुढची चक्री ४४ दात्यांची, मागची १८ दात्यांची आणि चाक २८ इंची असेल, तर पायडलच्या एका फेरीत सायकल सुमारे ५.४ मीटर जाते. या चक्र्यांवर तीन वेगांचा हब बसवला तर खालच्या गियरला हे अंतर ४.१ मीटर होतं. पाणंदीसाठी तेही जडच. म्हणून मागची चक्री २२ दात्यांची घ्यावी. मग तीन गियरना अनुक्रमे सुमारे ३.३, ४.५ आणि ५.९ मीटर मिळतात. वरचा गियर सडकेला पुरतो आणि खालचा ढेकळांत कामी येतो. चेनला मात्र कड्या वाढवाव्या लागतील. शिक्षकांनी हे गणित वर्गात जरूर करून घ्यावं.

तेव्हा गियर किती, यापेक्षा सर्वांत खालचा गियर किती हलका, हे आधी विचारावं. घाट चढायचा असेल किंवा नेहमी ओझं असेल, तर आठ वेगांचा हब पाहावा. शिमानो नेक्ससच्या आठ वेगांच्या हबात सर्वांत वरचा गियर खालच्याच्या सुमारे तिप्पट असतो. जर्मनीत १९९८ मध्ये निघालेल्या रोलॉफच्या १४ वेगांच्या हबात हीच पट पाचाच्या वर जाते. पण तो फार महाग आहे.

तुंब्यातल्या गियरचा एक मोठा गुण असा, की सायकल उभी असतानाही तो बदलता येतो. चिखलात अचानक थांबावं लागलं तरी पुढची सुरुवात हलक्या गियरने होते. चालत्या सायकलीवर बदलताना पायाचा जोर क्षणभर काढावा.

दोषही लक्षात असू द्यावेत. वजन वाढतं आणि पंक्चर काढायला चाक सोडवताना गियरची तार आधी मोकळी करावी लागते. जुन्या घडणीच्या तीन वेगांच्या हबात तार ढिली असली तर मधल्या आणि वरच्या गियरमध्ये पायडल एकाएकी रिकामं फिरतं. अशा वेळी उभं राहून जोर देणारा माणूस पडतो, म्हणून तार वरचेवर तपासावी. हब उघडून पुन्हा जोडणारा कारागीर जवळपास आहे का, हे खरेदीआधीच विचारावं.

आणि एवढं करूनही, भर पावसात काळी माती मडगार्डात गच्च बसली की कोणताही गियर चालत नाही. वाफसा होईपर्यंत त्या वाटेला सायकल न घालणं, हेच शहाणपण.