मागचा आस, मागचे ब्रेक आणि एक उतरती फळी

ब्रेक जितका जोरदार तितकी गाडी सुरक्षित, हे विधान बरोबर की चूक? वर्गात विचारून पाहा. बहुतेक हात ‘बरोबर’ म्हणून वर जातील. उत्तर सांगण्याआधी एक साधा प्रयोग करू.

मीटरभर लांबीची गुळगुळीत फळी पुस्तकांच्या चळतीला तिरकी टेकवा. चारही चाके मोकळी फिरणारी खेळण्यातली मोटार घ्या. पुढची दोन्ही चाके चिकटपट्टीने जाम करा आणि मोटार उतारावर सोडा. उतार इतका हवा की चाके जाम असतानाही ती घसरेल. मोटार घसरते, पण सरळ खाली येते. आता पुढची चाके मोकळी करून मागची जाम करा. या वेळी मोटार थोडी पुढे जाते, शेपूट बाजूला टाकते आणि गर्रकन वळून पाठमोरी खाली येते.

असे का होते? फिरणारे चाक पुढे सहज जाते, पण बाजूला सरकायला विरोध करते. जाम झालेल्या चाकाला असा दिशाभेद राहत नाही. ते कोणत्याही दिशेने सारखेच घसरते. मागची चाके जाम झाली की गाडीला सरळ ठेवणारा आधारच जातो. खऱ्या रस्त्यावर असे झाले तर चालकाला सावरायला क्षणभरही मिळत नाही. मागच्या ब्रेकांची सुधारणा करू पाहणाऱ्या प्रत्येकाने हा प्रयोग ध्यानात ठेवायला हवा. अशी सुधारणा करणाऱ्यांचा एक मोठा वर्ग अमेरिकेत आहे.

पिळदार गाड्या

१९६० च्या दशकात अमेरिकेत ‘मसल कार’ हा प्रकार लोकप्रिय झाला. मध्यम किंवा लहान आकाराची गाडी आणि तिच्यात मोठे व्ही-८ इंजिन, असे तिचे स्वरूप. १९६४ ची पॉन्टिॲक जीटीओ ही या घराण्यातली पहिली, असे अनेक जण मानतात. फोर्ड कंपनीची मस्टँगही त्याच वर्षी १७ एप्रिलला बाजारात आली. या गाड्या हौसेने जपणारे लोक आजही त्यांत नवे भाग बसवतात. उदाहरणासाठी १९६५ ची व्ही-८ इंजिनाची मस्टँग घेऊ.

तिचा मागचा आस एकाच वेळी तीन कामे करतो. तो गाडीचे वजन पेलतो, इंजिनाचा जोर चाकांना देतो आणि त्याच्या दोन्ही टोकांना ब्रेक असतात. मधल्या फुगीर पेटीत क्राऊन आणि पिनियन हे दातेरी चाकांचे जोड असते. पिनियनचे तीन फेरे झाले की क्राऊनचा एक होतो, म्हणजे वेग तिपटीने घटतो आणि टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, तिपटीने वाढतो.

आकडे मांडून पाहू. २०० अश्वशक्तीच्या इंजिनाचा टॉर्क सुमारे ३८० न्यूटन-मीटर. पहिल्या गिअरमध्ये तो २.८ पट होतो आणि आसापाशी आणखी ३ पट. गुणाकार सुमारे ३,२०० न्यूटन-मीटर. चाकाची त्रिज्या ०.३२ मीटर धरली तर रस्त्याला मागे ढकलणारे बल १०,००० न्यूटन येते. पण मागच्या दोन टायरांची पकड साधारण ६,००० न्यूटनची असते. म्हणून टायर जागच्या जागी फिरतात आणि जास्तीचा जोर आसापर्यंत पोहोचतच नाही. घरातल्या विजेच्या फ्यूजसारखेच हे. टायर घसरतो म्हणून लोखंड वाचते.

हौशी मालक मग रुंद, चांगल्या पकडीचे टायर घालतो. काही जण इंजिनही बदलतात. आता फ्यूज जाड झाला. पूर्वी टायर घसरत होता, आता दाते झडतात किंवा शाफ्ट तुटतो. साखळीतली एक कडी मजबूत केली की ताण पुढच्या कमकुवत कडीवर जातो.

दुसऱ्या गाडीचा आस

मूळच्या बहुतेक व्ही-८ मस्टँगांत क्राऊनचा व्यास ८ इंच आणि शाफ्टच्या टोकाला २८ खाचा होत्या. त्याऐवजी अनेक जण फोर्डच्याच एक्सप्लोरर या अवजड गाडीचा आस भंगारातून आणतात. त्यात क्राऊन ८.८ इंचांचा आणि शाफ्ट ३१ खाचांचा असतो. शाफ्टची जाडी जेमतेम दहा टक्के जास्त आहे, पण पिळाला तोंड देण्याची ताकद व्यासाच्या घनावर ठरते. १.१ चा घन १.३३, म्हणजे ताकद एक-तृतीयांशाने वाढली. शिवाय चाकाच्या पाच बोल्टांचे वर्तुळ दोन्ही गाड्यांत सारखेच, साडेचार इंचांचे. एक्सप्लोररच्या आसाची डावी नळी मात्र लांब असते. ती सुमारे तीन इंच कापून, तिथे उजव्या बाजूचाच आखूड शाफ्ट बसवला की रुंदी मस्टँगला जुळते. कमानपाट्यांच्या बैठकाही नव्या जागी वेल्ड कराव्या लागतात.

नव्या आसाचे दातांचे प्रमाण ३.७३ असेल तर गाडी झटकन वेग घेते. त्याची किंमतही मोजावी लागते. ताशी १०० किलोमीटर वेगाला पूर्वी इंजिन मिनिटाला सुमारे २,५०० फेरे करी, आता ३,१०० करते. सायकलच्या मागे मोठे दातेरी चाक लावले तर चढ सोपा जातो, पण सपाटीवर पाय जास्त मारावे लागतात, तसेच हे.

ब्रेक म्हणजे उष्णतेचे यंत्र

१९९५ ते २००१ च्या एक्सप्लोररचा आस घेतला तर त्याच्याबरोबर डिस्क ब्रेकही येतात. मूळच्या मस्टँगला मागे ड्रम होते. यात फरक काय?

चालकासह १,४०० किलोची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगाने जात असता तिची गतिज ऊर्जा सुमारे ५४० किलोज्यूल असते. २० अंशांचे दीड लिटरहून थोडे जास्त पाणी उकळीपर्यंत तापवायला एवढी ऊर्जा लागते. इंजिन ती आठ-दहा सेकंदांत गाडीला देते. ब्रेकांना ती चार सेकंदांत उष्णतेत बदलावी लागते. वेग दुप्पट झाला तर ही ऊर्जा चौपट होते.

ड्रममध्ये शू आतून बाहेर दाबला जातो. ड्रम तापला की प्रसरण पावून शूपासून दूर जातो. लायनर तापून घर्षणही कमी होते. पायाखालचा ब्रेक खोल जाऊ लागतो, गाडी मात्र थांबत नाही. घाट उतरताना जळक्या लायनरचा वास येतो तेव्हा हेच घडत असते. डिस्क उघड्यावर फिरते, वाऱ्याने निवते, आणि तापून जाड झाली तर पॅडच्या जवळच येते.

ड्रमचा एक गुण मात्र डिस्कमध्ये नाही. फिरता ड्रम शूला स्वतःकडे ओढून घेतो, त्यामुळे कमी दाबात काम होते. डिस्कला दाब जास्त लागतो. म्हणून मास्टर सिलिंडरही योग्य मापाचा हवा. ड्रमसाठी नळीत थोडा दाब कायम ठेवणारी झडप असते. ती तशीच राहिली तर डिस्कचे पॅड सतत घासत राहतात.

मागचा वाटा किती?

आता फळीवरच्या प्रयोगाकडे वळू. समजा, उभ्या गाडीचे ७६० किलो वजन पुढच्या चाकांवर आणि ६४० मागच्या चाकांवर आहे. जोरात ब्रेक दाबला की गाडी नाक खाली घालते आणि सुमारे १८० किलोचा भार पुढे सरकतो. पुढे ९४०, मागे फक्त ४६०. म्हणजे मागच्या ब्रेकांनी एक-तृतीयांशच काम करायचे असते. त्याहून जास्त जोर लावला तर हलकी झालेली मागची चाके आधी जाम होतात. पुढे काय होते ते आपण फळीवर पाहिलेच आहे.

म्हणून सुधारणेचा क्रम महत्त्वाचा. १९६५-६६ च्या मस्टँगमध्ये चारही ब्रेकांना एकच तेलमार्ग होता. एक नळी फुटली की सगळे ब्रेक गेले. १९६७ पासून दोन स्वतंत्र मार्ग आले. तेव्हा आधी दुहेरी मास्टर सिलिंडर, मग पुढे डिस्क, आणि शेवटी मागे. मागच्या नळीवर दाब कमी-जास्त करणारी झडप बसवून मोकळ्या मैदानात तपासणी करावी. पुढची चाके मागच्यांच्या किंचित आधी जाम झाली पाहिजेत.

थोडक्यात, सुरुवातीचे विधान अपुरे आहे. ब्रेकचा जोर जितका महत्त्वाचा, तितकीच त्याची वाटणी. मुलांना शाळेबाहेर उभ्या असलेल्या मोटारसायकली पाहायला पाठवा. अनेकींना पुढे डिस्क आणि मागे ड्रम दिसेल. उलट का नाही, हे त्यांनाच शोधू द्या.