टर्बो गाडीचा इंटरकूलर बदलायला निघालाय? आधी मोबाईलवर एक आकडा बघा

पुण्यातल्या एका मित्राकडे टर्बो पेट्रोल हॅचबॅक आहे. गाडी घेऊन वर्ष व्हायच्या आत भाऊने ईसीयू रीमॅप करून घेतला. पावसाळा, हिवाळा मजेत गेला. मे महिन्यात चौघं मिळून साताऱ्याला निघाले आणि खंबाटकीच्या चढावर गाडी दमल्यासारखी वाटायला लागली.

गॅरेजवाल्याकडे गेला तर उत्तर तयारच होतं. "इंटरकूलर छोटा पडतोय. मोठा टाका, गाडी उडेल." पाइपिंगसकट कोटेशन आलं ४५ हजारांचं.

पैसे भरण्याआधी त्याने फोन केला. प्रश्न एकच, टाकू का नको? रील्स बघून हाच प्रश्न सध्या अनेकांना पडलाय, म्हणून विषय जरा नीट समजून घेऊ.

इंटरकूलर नेमकं करतो काय?

सायकलमध्ये हवा भरताना पंप हाताला गरम लागतो. हवा दाबली की ती तापते, साधं विज्ञान आहे. टर्बोही हेच करतो. सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम धुराच्या जोरावर एक चक्र फिरतं, त्याला जोडलेलं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतं. जास्त हवा, जास्त इंधन, म्हणून जास्त ताकद.

पण ही हवा किती तापते? समजा बाहेर ३८ अंश सेल्सिअस आहे आणि टर्बो हवेचा दाब दुप्पट करतोय. कंप्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर टर्बोतून निघणारी हवा सुमारे १३५ अंशांवर पोहोचते. रीमॅप करून दाब अडीचपट केला तर आकडा १७० अंशांच्या आसपास जातो.

गरम हवेचे तोटे दोन. एक, ती विरळ असते, म्हणजे तेवढ्याच जागेत ऑक्सिजन कमी मावतो. दुसरा तोटा जास्त महत्त्वाचा आहे. हवा फार गरम असेल तर पेट्रोल वेळेआधी किंवा वेडंवाकडं पेटतं. त्याला नॉकिंग म्हणतात आणि त्याने पिस्टनपर्यंत नुकसान होऊ शकतं. ते टाळायला ईसीयू स्पार्कची वेळ मागे घेतो. इंजिन वाचतं, पण ताकद कमी होते. गाडी "दमली" असं आपल्याला वाटतं ते बऱ्याचदा यामुळे.

इंटरकूलर म्हणजे या वाटेवर बसवलेला हवेचा रेडिएटर. तो स्वतः ताकद तयार करत नाही. टर्बोने कमावलेली ताकद उष्णतेत वाया जाऊ नये, एवढंच त्याचं काम.

मग मोठा टाकला तर किती फरक पडेल?

वरच्याच उदाहरणात कंपनीचा इंटरकूलर ७० टक्के उष्णता काढतो असं धरू. १३५ अंशांची हवा ६७ अंशांवर येते. आता मोठा इंटरकूलर टाकला आणि तो ८५ टक्के काढायला लागला, तर हवा ५३ अंशांवर येईल. म्हणजे १४ अंशांचा फायदा.

ऐकायला भारी वाटतं. पण हवेची घनता वाढते ती फक्त ४ टक्क्यांच्या आसपास. ११५ पीएसच्या गाडीला कागदावर फार तर ४-५ पीएस. त्यातही रीमॅप नसलेल्या गाडीत किती टॉर्क द्यायचा हे ईसीयूने आधीच ठरवलेलं असतं, त्यामुळे तेवढेही हाती लागतील याची खात्री नाही.

खरा फायदा दुसरीकडे आहे. छोटा इंटरकूलर एकदा तापला की लवकर थंड होत नाही. याला हीट सोक म्हणतात. पहिल्यांदा दाबली तेव्हा गाडी पळते, चौथ्यांदा दाबल्यावर पळत नाही. मोठा इंटरकूलर जास्त उष्णता झेलतो, म्हणून चौथ्या वेळीही गाडी पहिल्यासारखीच धावते.

आता हे तुमच्या रोजच्या गाडी चालवण्याशी जोडून बघा. एक्सप्रेसवेच्या सपाट रस्त्यावर ताशी १०० ने एकसारखं जाताना टर्बोवर ताण कमी आणि समोरून वारा भरपूर. तिथे कंपनीचा इंटरकूलरही निवांत असतो. ट्रॅफिकमध्ये वारा नसतो, पण तुम्ही ॲक्सिलरेटरही दाबत नाही. अडचण होते ती मे महिन्यातल्या घाटात, भरलेल्या गाडीत, कमी वेगाने चढताना. तिथे ताण जास्त आणि वारा कमी असतो.

अंदाज नको, मोजा

स्टिअरिंगखाली ओबीडी पोर्ट असतो. त्यात बसणारा ब्लूटूथ डोंगल आणि एक मोबाईल ॲप, एवढ्यात काम होतं. ॲपमध्ये इनटेक एअर टेम्परेचर हा आकडा लावा. काही गाड्यांत असे दोन सेन्सर असतात. टर्बोच्या आधीचा नको, इंटरकूलरनंतरचा बघा. आणि गाडी चालवताना स्क्रीनकडे तुम्ही बघू नका, शेजारच्याला सांगा.

बाहेरच्या तापमानापेक्षा हा आकडा किती जास्त आहे, ते महत्त्वाचं. ढोबळ हिशेब असा. चालत्या गाडीत १० ते २० अंश जास्त असेल तर इंटरकूलर आपलं काम चोख करतोय. घाटात थोडा वेळ ३० ने वाढला आणि सपाटीवर एक-दोन मिनिटांत उतरला, तरी घाबरायचं कारण नाही. पण तो ४० च्या वर जाऊन तिथेच अडकत असेल, तर तुमची तक्रार खरी आहे.

तक्रार खरी निघाली, तरी आधी स्वस्त उपाय

इंटरकूलरच्या जाळीत चिखल, पानं, किडे अडकलेत का? धुऊन घ्या, पण जोरदार प्रेशरने नको, पात्या वाकतात. टर्बोच्या रबरी होजची क्लिप सैल आहे का? तिथून हवा गळत असेल तर टर्बोला जास्त मेहनत करावी लागते आणि हवा आणखी तापते. एअर फिल्टर, स्पार्क प्लग आणि रेडिएटरचा पंखा तपासा. रीमॅप केलेल्या गाडीला जास्त ऑक्टेनचं पेट्रोल हवं असेल आणि तुम्ही साधं भरत असाल, तर इंटरकूलर बदलूनही नॉकिंगचा प्रश्न पूर्ण सुटणार नाही.

मोठ्या इंटरकूलरचे तोटे कुणी सांगत नाही

मोठ्या इंटरकूलरमध्ये आणि लांब पाइपात भरायला जास्त हवा लागते, त्यामुळे टर्बो लॅग थोडा वाढू शकतो. आतली रचना चांगली नसेल तर हवेचा दाब तिथेच घटतो, म्हणजे थंडाव्यातून कमावलेलं दाबात गमावलं. शिवाय तो बहुतेक वेळा एसीच्या कंडेन्सर आणि रेडिएटरच्या समोर बसतो. त्यांचा वारा अडला तर उन्हाळ्यात एसी कमी लागेल आणि इंजिन जास्त तापेल.

आणखी एक गोष्ट. सगळ्या गाड्यांचे इंटरकूलर सारखे नसतात. व्हर्टस, स्लाव्हियासारख्या टीएसआय इंजिनांत तो पाण्याने थंड होणारा असतो आणि थेट इनटेक मॅनिफोल्डमध्येच बसवलेला असतो. समोर मोठा डबा लावला की झालं, असं तिथे होत नाही.

कायदा आणि कागदपत्रं

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. आरसीवर इंटरकूलरचा उल्लेख नसतो, पण म्हणून कुणी विचारणार नाही असं धरून चालू नका. वॉरंटी नाकारली जाऊ शकते. विमा कंपनीला बदल कळवला नसेल तर अपघातानंतर क्लेम अडकू शकतो. ४५ हजारांच्या हिशेबात ही जोखीमही धरा.

मग टाकायचा कुणी?

गाडी कंपनीने दिली तशीच आहे, ऑफिस-घर आणि वीकेंडला महाबळेश्वर एवढाच वापर आहे, तर नका टाकू. टायर आणि ब्रेक पॅडवर खर्च करा, जास्त उपयोग होईल.

रीमॅप केलंय, पण मोजलेला आकडा आटोक्यात आहे? तरीही थांबा.

रीमॅप केलंय, ट्रॅक डेला गाडी पळवता, आकडा ४० च्या वर अडकतोय आणि साफसफाई करूनही उतरत नाही? मग इंटरकूलर बदलण्यात अर्थ आहे. पण तो तुमच्याच मॉडेलसाठी बनवलेला, त्याच जागी बसणारा घ्या आणि वॉरंटी-विम्याचं आधी विचारून घ्या.

मित्राचं काय झालं? डोंगल लावून तो पुन्हा खंबाटकीला गेला. आकडा बाहेरच्या तापमानापेक्षा ४५ अंश वर. मग गाडी दुसरीकडे दाखवली. टर्बोच्या होजची एक क्लिप सैल होती आणि इंटरकूलरची अर्धी जाळी चिखलाने बुजलेली. क्लिप बदलली, जाळी धुतली. पुढच्या फेरीत त्याच चढावर फरक २८ अंशांवर आला आणि वर पोहोचल्यावर उतरलाही.

बिल हजाराच्या आत होतं. ४५ हजार अजून त्याच्या खात्यातच आहेत.