बॅटरीतली किल्ली

बॅटरी यंत्राला वीज पुरवते, एवढंच आपण तिच्याबद्दल धरून चालतो. सोनीच्या प्लेस्टेशन पोर्टेबलची, म्हणजे पीएसपीची बॅटरी मात्र यंत्राला स्वतःचा अनुक्रमांकही सांगायची. आणि त्या अनुक्रमांकातच यंत्राचं कुलूप उघडायची सोय दडलेली होती!

डिसेंबर २००४मध्ये जपानात आलेली ही हातात मावणारी यंत्रं जगभर सात कोटींहून जास्त खपली. त्या मानाने गेम मात्र कमी विकले गेले. या धंद्यात खरी कमाई गेमवर असते. यंत्र एकदाच विकलं जातं, पुढे प्रत्येक गेममागे कंपनीला वाटा मिळत राहतो. मग इतकी यंत्रं घरोघरी असताना गेम का अडले?

आधी बॅटरीचं नवल पाहू. तिच्यातल्या एका चिमुकल्या चिपमध्ये ३२ बिटांचा अनुक्रमांक असे. ते सगळेच्या सगळे बिट १ असले, की यंत्र आपली नेहमीची प्रणाली सोडून थेट मेमरी स्टिक या साठवणीच्या कार्डावरचा प्रोग्रॅम चालवू लागे. बंद पडलेली यंत्रं दुरुस्त करण्यासाठी ठेवलेली ही वाट २००७मध्ये हौशी लोकांना सापडली. तिला नाव पडलं ‘पँडोरा बॅटरी’. साध्या बॅटरीतल्या त्या चिपचा एक पाय मोकळा केला, की यंत्राला अनुक्रमांक मिळेना आणि न मिळालेला प्रत्येक बिट त्याला १ भासे. एका सुटलेल्या पायाने अख्खं यंत्र खुलं!

अशा खुल्या यंत्रावर नक्कल केलेले गेम मेमरी स्टिकवरून चालत. अस्सल गेम यूएमडी नावाच्या छोट्या चकतीवर येई. ती फिरवायला मोटर लागे, वाचायला लेझर. त्यात बॅटरीही खर्च होई आणि वेळही. मेमरी स्टिकमध्ये हलणारं काहीच नव्हतं. त्यामुळे फुकटची नक्कल बहुधा जास्त चपळ चाले आणि पैसे मोजलेला माणूस चकती फिरण्याची वाट बघत बसे.

पण सगळा दोष चोरीवर टाकता येत नाही. निन्टेन्डो डीएस या हातात मावणाऱ्या दुसऱ्या यंत्राचे गेमही सर्रास चोरले जात. तरी १५ कोटी ४० लाख यंत्रांवर त्याचे ९४ कोटींहून जास्त गेम विकले गेले, म्हणजे यंत्रामागे साधारण सहा. दोन पडदे आणि लेखणीने खेळायचे ते खेळ घरच्या टीव्हीवर मिळणारे नव्हते. पीएसपीवरचे बरेच गेम मात्र घरातल्या प्लेस्टेशन २च्या वळणाचे होते. शिवाय त्यावर सिनेमे पाहता येत, गाणी ऐकता येत. एकही नवा गेम न घेता मालक खूश राहू शकत होता.

गेम न खपण्याच्या या अडचणीला सर्वांत सुंदर उत्तर जपानातच मिळालं. कॅपकॉमच्या ‘मॉन्स्टर हंटर’मध्ये चार जण जवळ बसून, आपापलं यंत्र बिनतारी जोडून, अजस्र श्वापदांची शिकार करत. डिसेंबर २०१०मध्ये आलेल्या ‘मॉन्स्टर हंटर पोर्टेबल थर्ड’च्या चाळीस लाखांहून जास्त प्रती खपल्या. यंत्र तेच होतं आणि कुलूपही केव्हाच मोडलेलं होतं! तरी लोकांनी पैसे मोजले, कारण खिशातलं यंत्र घेऊन मित्रांशेजारी बसण्यात जी मजा होती, ती घरच्या टीव्हीसमोर मिळणारी नव्हती. कुलूप चोरी लांबणीवर टाकतं. गेम विकत घ्यायची ओढ मात्र गेमलाच लावावी लागते.