दुसरा मॉनिटर कोणाकडे तोंड करून?

श्रीरामपूर तालुक्यातील बेलापूर हे प्रवरेकाठचे गाव असले, तरी दौंड–मनमाड लोहमार्गावरील बेलापूर नावाचे स्थानक प्रत्यक्षात श्रीरामपूर शहरात आहे, त्यामुळे तिकिटावरील बेलापूर आणि गाव बेलापूर यांच्यात काही किलोमीटरचे अंतर पडते. नोंद आणि वस्तुस्थिती यांतील ही तफावत रेल्वेपुरती निरुपद्रवी आहे; तीच आधार, सातबारा किंवा पीकविम्याच्या अर्जात शिरली, तर शेतकऱ्याला तालुक्याला हेलपाटे घालावे लागतात. एका संगणकाला दोन मॉनिटर जोडण्याचा विषय कार्यालयीन सोयीचा किंवा खेळांच्या हौसेचा मानला जातो, परंतु ज्या गावांत एक जण बोलतो आणि दुसरा त्याच्या वतीने टंकतो, तेथे त्याचे खरे महत्त्व या तफावतीशी निगडित आहे.

त्याचे ठळक उदाहरण महाराष्ट्रातच सुरू झालेल्या एका योजनेत सापडते. नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे २९ सप्टेंबर २०१० रोजी पहिले आधार क्रमांक देण्यात आले, आणि या नोंदणीच्या साहित्यात चालकासमोरच्या पडद्याखेरीज नागरिकाकडे तोंड केलेला दुसरा मॉनिटरही धरलेला असतो, जेणेकरून माहिती भरली जात असतानाच ती ज्याची त्याला वाचता यावी. नाव रोमन लिपीत टंकले की देवनागरी रूप संगणक आपोआप तयार करतो, पण रोमन लिपीला ‘ळ’ ठाऊक नसल्याने ‘काळे’ आडनावाचा माणूस सहज ‘काले’ होतो. समोरच्या पडद्यावर ते दिसले तर दुरुस्ती एका कळीचे काम असते, आणि न दिसले तर ती चूक पुढे बँक, शाळा, वारसनोंद अशा प्रत्येक ठिकाणी निस्तरावी लागते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये झाला आणि डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा २०१८ पासून मिळू लागला, तरी इतर दाखल्यांचे अर्ज भरताना सेवा केंद्राच्या खिडकीपलीकडच्या माणसाला बहुधा मॉनिटरची पाठच दिसते. हजारो रुपये खर्चून छपाईयंत्र बदलणाऱ्या केंद्रचालकाने जुना, अडगळीत पडलेला मॉनिटर काउंटरवर मांडला, तर त्याचा उपयोग अधिक होईल.

मात्र तो कसा जोडावा यालाही महत्त्व आहे. विंडोज आणि पी या दोन कळा एकत्र दाबल्यावर जे पर्याय येतात, त्यांपैकी ‘डुप्लिकेट’ म्हणजे दोन्ही पडद्यांवर एकच चित्र, आणि ‘एक्स्टेंड’ म्हणजे दोन्ही पडदे मिळून एक सलग कार्यक्षेत्र. डुप्लिकेट सोपा वाटतो, पण त्यात आधीच्या ग्राहकाची उघडी राहिलेली कागदपत्रे आणि केंद्रचालकाच्या मोबाइलवरून संगणकावर येणारे संदेशही समोरच्याला दिसतात. एक्स्टेंडमध्ये फक्त त्या माणसाचा अर्ज पलीकडे सरकवता येतो, म्हणून सेवा केंद्रासाठी एक्स्टेंडच योग्य ठरतो. त्यातली अडचण अशी की मॉनिटर पूर्णपणे उलट्या दिशेला असेल, तर तिकडे गेलेला माउसचा बाण चालकाला दिसत नाही; यावर उपाय म्हणजे मॉनिटर काउंटरच्या टोकाला काटकोनात ठेवणे, आणि हरवलेली खिडकी परत आणण्यासाठी विंडोज, शिफ्ट व बाणाची कळ एकत्र दाबणे.

जोडणीत सर्वाधिक घोटाळा होतो तो सीपीयूच्या मागच्या बाजूला. निळ्या रंगाचे १५ पिनांचे व्हीजीए हे जोडस्थान आयबीएमने १९८७ मध्ये आणले आणि त्यातून चित्र अॅनालॉग स्वरूपात, म्हणजे सतत बदलणाऱ्या विद्युतसंकेतातून जाते. २००२ मधील एचडीएमआय आणि २००६ मधील डिस्प्लेपोर्ट यांतून ते डिजिटल, म्हणजे आकड्यांच्या स्वरूपात जाते. त्यामुळे एचडीएमआयमधून जुन्या व्हीजीए मॉनिटरकडे जायचे असेल, तर नुसती वायर पुरत नाही, आत रूपांतर करणारी चिप असलेला कन्व्हर्टर लागतो, आणि तो एकाच दिशेने चालत असल्याने दुकानात ‘कुठून कुठे’ हे स्पष्ट सांगूनच घ्यावा. स्वस्तात मिळणारा स्प्लिटर एकाच संकेताच्या दोन प्रती काढतो, म्हणजे त्यातून डुप्लिकेटच मिळते, एक्स्टेंड नव्हे. ही गोष्ट पैसे देऊन झाल्यावरच अनेकांच्या लक्षात येते. संगणकात वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल, तर दोन्ही वायरी त्या कार्डाच्याच जोडस्थानांत लावाव्यात, कारण कार्ड बसवल्यावर मदरबोर्डवरची जोडस्थाने पुष्कळदा आपोआप बंद होतात आणि ती बायॉसमधून, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या मूळ मांडणीतून, पुन्हा चालू करावी लागतात.

विंडोजमध्ये एकाहून अधिक मॉनिटरची सोय १९९८ च्या आवृत्तीपासून आहे. डिस्प्ले सेटिंगमध्ये दोन चौकोन दिसतात, ‘आयडेंटिफाय’ दाबताच प्रत्येक पडद्यावर त्याचा क्रमांक उमटतो, आणि टेबलावर पडदे जसे आहेत तसेच ते चौकोन ओढून ठेवायचे असतात. एक मॉनिटर १९२० गुणिले १०८० चित्रबिंदूंचा आणि दुसरा जुना १३६६ गुणिले ७६८ चा असेल, तर चौकोन लहानमोठे दिसतात, आणि जेथे त्यांच्या कडा जुळत नाहीत तेथे माउसचा बाण अडतो. हा बिघाड नसून मांडणीचा परिणाम आहे.

हातातला कागद आणि पडद्यावरचा मजकूर ताडून पाहण्याचे काम जेथे जेथे आहे, तेथे हीच सोय उपयोगी पडते. उदाहरणार्थ, दिवाळी अंकाची पाने लावणारा डीटीपी कारागीर एका पडद्यावर पान आणि दुसऱ्यावर लेखकाचा मूळ मजकूर ठेवतो, आणि जुन्या श्रीलिपी फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये आणताना तुटलेले जोडाक्षर समोरासमोर ठेवल्यावरच पकडले जाते.

ग्रामीण भागात वीज हा शेवटचा, पण बहुधा विसरला जाणारा भाग असतो. साधारण २२ इंची एलईडी मॉनिटर २० ते २५ वॅट वीज घेतो, म्हणून सामान्य ६०० व्हीए यूपीएसवर दुसऱ्याचा भार सहसा जड जात नाही; तरीही तो भिंतीवरच्या वेगळ्या प्लगात खोचलेला आढळतो, आणि वीज गेली की नेमका नागरिकासमोरचा पडदा काळा होऊन अर्ज त्याच्या नजरेआड भरला जातो.