गच्चीवरच्या सौर पॅनेलचं अनुदान : पैसे कधी, किती आणि कुणाच्या खात्यात?

'सरकार ७८ हजार देतंय' एवढं बहुतेकांच्या कानावर आलेलं असतं. पण हे पैसे कशाबद्दल मिळतात, कधी मिळतात आणि कुणाच्या नावानं येतात, हे न समजल्यामुळे अर्ज अडकतात. कधी गरजेपेक्षा मोठी यंत्रणा गच्चीवर येऊन बसते. म्हणून पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजनेचं काम कसं चालतं, ते नीट पाहू. ही योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. एक कोटी घरांवर सौर यंत्रणा बसवायची, त्यासाठी ७५,०२१ कोटी रुपये खर्च करायचे, आणि मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत, असं तिचं स्वरूप आहे.

अनुदानाचा हिशेब किलोवॅटवर होतो. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,००० रुपये, आणि त्यापुढे काही नाही. म्हणजे एक किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीनला ७८ हजार. पाच किलोवॅट बसवले तरी ७८ हजारच. ही उतरती रचना मुद्दाम केलेली आहे. सरकारनं पहिल्या दोन किलोवॅटच्या खर्चाचा ६० टक्के भार उचललाय आणि तिसऱ्याचा ४० टक्के. लहान घराला जास्त हात द्यायचा, हा त्यामागचा विचार आहे आणि तो योग्यच आहे. मात्र ही रक्कम सरकारनं धरलेल्या आधारभूत खर्चावर ठरते. बाजारात खर्च त्याहून जास्त आला, तर वरचा फरक आपल्याला सोसावा लागतो.

मग किती किलोवॅट घ्यायचे? याचं उत्तर गच्चीच्या आकारात शोधू नका, वीजबिलात शोधा. एक किलोवॅट पॅनेल महाराष्ट्रातल्या उन्हात महिन्याला सरासरी १०० ते १२० युनिट देतं. पावसाळ्यात कमी, मार्च-एप्रिलमध्ये जास्त. महावितरणच्या घरगुती दरात पहिले १०० युनिट स्वस्त असतात. १०१ ते ३०० या टप्प्यातलं युनिट त्याच्या जवळपास दुप्पट पडतं आणि त्यापुढचं आणखी महाग. सौर वीज बिलातले युनिट वरून कापत येते, आधी महाग टप्प्यातले आणि शेवटी स्वस्त टप्प्यातले. समजा, घरात महिन्याला २५० युनिट लागतात. दोन किलोवॅटमध्ये त्यातले दोनशेच्या वर युनिट भागतात आणि महागडा टप्पा पूर्ण निघून जातो. तिसरा किलोवॅट उरलेले थोडे स्वस्त युनिट वाचवेल आणि बाकीची वीज ग्रिडला देत राहील. शिवाय त्यावर अनुदानही कमी. विक्रेता मोठी यंत्रणा सुचवतो, तेव्हा बारा महिन्यांची बिलं समोर ठेवून हा हिशेब कागदावर मांडावा. पंखे जुने असतील, दिवे एलईडी नसतील, तर ते आधी बदलावेत. जे युनिट जळतच नाही, त्यासाठी पॅनेल लागत नाही.

ग्रिडला गेलेल्या विजेची नोंद नेट मीटर ठेवतो. दुपारी पॅनेलनं जादा वीज दिली की ती जमा होते आणि रात्री घेतलेल्या विजेतून वजा होते. महिन्याअखेर उरलेले युनिट पुढच्या बिलात सरकतात. आर्थिक वर्ष संपताना शिल्लक राहिलेल्या युनिटचे पैसे वीज नियामक आयोगानं ठरवलेल्या दरानं मिळतात, पण आपण विजेला मोजतो त्यापेक्षा तो दर बराच कमी असतो. वीज विकून कमाई करायची, या कल्पनेनं यंत्रणा मोठी करू नये. बिल शून्य होईल असं सांगितलं जातं, तेही पूर्ण खरं नाही. स्थिर आकार भरावाच लागतो. आणि बॅटरी नसलेली यंत्रणा वीज गेल्यावर बंद होते, भर दुपारीसुद्धा. तारांवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक लागू नये म्हणून तशी सोय केलेली असते. लोडशेडिंगसाठी म्हणून सौर यंत्रणा घेणाऱ्यांनी हे आधीच ध्यानात घ्यावं.

आता कागदपत्रांचा भाग. आपल्याकडे अर्ज सर्वात जास्त इथेच रखडतात. नोंदणी योजनेच्या सरकारी पोर्टलवर बिलावरच्या ग्राहक क्रमांकानं होते. महावितरणचा हा क्रमांक बारा आकडी असतो. आपल्या कितीतरी घरांत बिल अजून आजोबांच्या किंवा वारलेल्या वडिलांच्या नावावर येतं. दरमहा भरलं जातंय, म्हणून कुणी लक्ष दिलेलं नसतं. पण अनुदान ग्राहकाच्या बँक खात्यात जमा होतं, त्यामुळे बिलावरचं नाव आणि खात्यावरचं नाव जुळायला हवं. नाव बदलायचं असेल तर ते काम अर्जाच्या आधी उरका. यंत्रणा बसल्यावर ही धावपळ फार मनस्ताप देते.

नोंदणीनंतर वीज कंपनीची मंजुरी. दहा किलोवॅटपर्यंतच्या यंत्रणेला तांत्रिक तपासणीची अट २०२४ च्या नियमदुरुस्तीनं काढली आहे, त्यामुळे इथे फारसं थांबावं लागत नाही. मग नोंदणीकृत विक्रेता निवडायचा आणि लेखी करार करायचा. पॅनेल आणि त्यातले सेल दोन्ही भारतात बनलेले असावेत, ही अनुदानाची अट आहे. स्वस्त कोटेशन हातात आलं की पहिला प्रश्न हाच विचारा. पाच वर्षांची देखभाल विक्रेत्यावर बंधनकारक आहे, तीही करारात लिहून घ्या.

पॅनेल बसले, नेट मीटर लागला, वीज कंपनीच्या माणसानं तपासणी केली आणि यंत्रणा सुरू झाल्याचा अहवाल पोर्टलवर आला, की खात्याचा तपशील आणि रद्द केलेला चेक अपलोड करायचा. त्यानंतर साधारण तीस दिवसांत अनुदान जमा होणं अपेक्षित असतं. म्हणजे अनुदान अगदी शेवटी येतं, आणि तोवर सगळे पैसे आपल्याला उभे करावे लागतात. यासाठी तीन किलोवॅटपर्यंत बँका तारणाशिवाय कमी व्याजाचं कर्ज देतात.

ज्यांचा वापर महिन्याला शंभर युनिटांच्या आत आहे, त्यांच्यासाठी राज्य सरकारनं २०२५ मध्ये 'स्मार्ट' ही वेगळी योजना आणली. तीत एक किलोवॅटसाठी केंद्राच्या ३० हजारांवर राज्य भर घालतं. दारिद्र्यरेषेखालच्या ग्राहकाला १७,५००, अनुसूचित जाती-जमातींच्या ग्राहकाला १५,००० आणि इतरांना १०,००० रुपये. पन्नास हजारांची यंत्रणा दारिद्र्यरेषेखालच्या घराला अडीच हजारांत पडते. ज्यांना या योजनेची खरी गरज आहे त्यांच्यापर्यंत ही बातमी सगळ्यात उशिरा जाते, म्हणून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर ती लागायला हवी.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांची गच्ची सामायिक असते. तिथे सोसायटी लिफ्ट, पाण्याचे पंप आणि जिन्यातले दिवे यांसाठी अर्ज करू शकते. दर किलोवॅटला १८,००० रुपये मिळतात आणि मर्यादा ५०० किलोवॅटपर्यंत आहे. सर्वसाधारण सभेत ठराव मंजूर करून घ्या आणि सोसायटीच्या मीटरची वर्षभराची बिलं सभेपुढे ठेवा. आकडे समोर असले की सभासदांचं मन वळायला वेळ लागत नाही.