रोजचं विज्ञान : टीसीएलचा डबा कुठे ठेवाल?

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेलं होतं. पूर ओसरला की घरोघरी टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर येते. उरलेली पिशवी गाठ मारून मोरीत ठेवली जाते आणि पुढच्या पावसाळ्यात ओलसर, गोळे झालेली निघते. असं का होतं?

ही पावडर विरलेल्या चुन्यावर क्लोरीन सोडून बनवतात. दोघांची जोडी फार घट्ट नसते. हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड आत शिरले की क्लोरीन सुटू लागतो. उघड्या डबीतल्या कापरासारखा पावडरीचा जोर उडून जातो. ताज्या पावडरीत साधारण 33 टक्के उपयोगी क्लोरीन असतो. दमट मोरीत तो झपाट्याने उतरतो.

खरा धोका शेजाऱ्याचा. मोरीतच संडास साफ करायचं ॲसिड असतं. दोन्ही एकत्र सांडली तर क्लोरीन वायू एकदम उसळतो. तो हवेच्या सुमारे अडीचपट जड, म्हणून जमिनीलगत साचतो, नेमका लहान मुलांच्या नाकाच्या उंचीवर.

पाचगणी-महाबळेश्वरकडे बंगल्यातल्या पोहण्याच्या तलावासाठी क्लोरीनचे दाणे ठेवत असाल, तर आणखी जपा. त्यांत 65 ते 70 टक्के क्लोरीन असू शकतो. रॉकेल, खत किंवा दुसऱ्या प्रकारची क्लोरीनची पावडर मिसळली तर भडका उडू शकतो. चमचासुद्धा वेगळा आणि कोरडा हवा.

डबा प्लास्टिकचा, घट्ट झाकणाचा घ्या. कोरड्या, सावलीच्या, हवेशीर जागी, मुलांच्या हाताबाहेर ठेवा. आणि पावडर नेहमी पाण्यात टाका, पावडरीवर पाणी कधीच ओतू नका.